दुःख दळणारे जाते

वेत्रा नदीच्या काठी मेखला नावाचे नगर होते आणि वसुमान राजा तिथे सुखाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व याच राजाच्या पदरी अमात्य होता. लोक त्याला क्षेमक म्हणत. राजा आणि तो लहानपणी एकाच गुरूपाशी शिकले होते, त्यामुळे दरबारात तो रीतीप्रमाणे 'महाराज' म्हणे आणि राजा मात्र त्याला सरळ 'अरे क्षेमका' अशी हाक मारी.

मेखला नगराचे नाव दूरदूरच्या देशांत झाले होते ते तिथल्या हसऱ्या चेहऱ्यांमुळे. या नगरात कोणी फार दिवस रडत नसे. कारण नगराच्या मधोमध एक मंडप होता आणि त्या मंडपात एक जाते होते. नगर वसवणाऱ्या पहिल्या राजाला ते एका यक्षिणीने दिले होते. ज्याच्यावर दुःख कोसळले असेल त्याने आंघोळ करून तिथे यावे, मूठभर जोंधळे जात्याच्या तोंडात घालावे, आपले दुःख मनात आठवावे आणि खुंटा धरून फिरवू लागावे. दाणे मूठभरच, पण पीठ जितके दुःख तितके पडे. कोणाचे सूपभर पडे, कोणाची चार पोती भरत. पीठ पडायचे थांबले की दळणारा हलका होऊन उठे. गेलेले माणूस त्याला आठवे, पण परगावच्या कोणाची तरी बातमी आठवावी तसे. मग तो घरी जाऊन पोटभर जेवे आणि संध्याकाळी सोंगट्या खेळायला बसे.

जाते देताना यक्षिणीने एक अट घातली होती. या पिठाचा कणही टाकायचा नाही, ते खाल्ले गेलेच पाहिजे. जिथे सांडेल तिथली विहीर खारट होईल. कोणी खायचे, ते मात्र तिने सांगितले नाही. आपले दळण दुसऱ्याच्या ताटात वाढायची रीत यक्षांच्या मुलखात नसावी, म्हणून बिचारीला ते सांगायचे सुचलेच नाही. मेखलेतल्या लोकांना लगेच सुचले. नगराच्या उतारावर, नदीला अगदी लागून, खालची आळी होती. तिथे बुरूड, कोळी आणि परीट राहत. पुराने त्यांची शेते दरवर्षी धुऊन जात आणि कणग्या रिकाम्या असत. पीठ मंडपाच्या कोठारात साठत जाई आणि दर पौर्णिमेला वरच्या पेठेतून गाड्या भरून ते तिथे दान म्हणून जाई. गाड्यांना फुलांच्या माळा बांधत, बैलांच्या शिंगांना रंग देत. दुःखही गेले आणि पुण्यही पदरात पडले, असा दुहेरी लाभ कोणाला नको असतो?

यात एक गोष्ट हरवली, ती कोणाच्या ध्यानातही आली नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी भाकरी करून न्यावी, त्या घरच्यांजवळ बसावे, त्यांना कडू घास भरवावा, ही जुनी रीत वरच्या पेठेतून कधीच नाहीशी झाली होती. जिथे दुःखच टिकत नाही तिथे त्याच्या समाचाराला जाणार कोण? एखाद्याच्या घरी कोणी वारल्याचे कळले की लोक वाटेत भेटून एवढेच विचारत, "दळून झालं का?"

या साऱ्या हसऱ्या नगरात अमात्य तेवढा विचित्र समजला जाई. त्याचे वडील वारले तेव्हा तो मंडपाकडे फिरकलाही नाही. वर्षभर त्याचा चेहरा उतरलेला होता आणि बोलता बोलता तो मध्येच गप्प होई. लोक म्हणत, अमात्य इतका चिक्कू आहे की त्याला दुःखसुद्धा खर्च करवत नाही. राजाने एकदा थट्टेत त्याला याचे कारण विचारले. तेव्हा तो म्हणाला, "महाराज, वडिलांची दुसरी कोणतीच वस्तू माझ्याकडे नाही. ही तरी राहू द्या." राजाला हसू आले. त्याने स्वतः आईचे, वडिलांचे आणि एका आवडत्या हत्तीचे दुःख दळून टाकले होते, त्यामुळे क्षेमक काय म्हणतो ते त्याला कळणे शक्यच नव्हते.

आणि मग राजाची मुलगी गेली.

चारुमती तिचे नाव. सात वर्षांची होती. राजाच्या पादुकांपैकी एक लपवून ठेवायचा तिला नाद होता. रोज सकाळी राजा एका पायात पादुका घालून लंगडत सगळ्या महालातून तिला शोधत फिरे आणि दासींना तोंडाला पदर लावावा लागे. पावसाळा सरता सरता तिला ताप आला आणि तो उतरलाच नाही. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजा उठला, त्याने खाली पाहिले, तर दोन्ही पादुका पलंगापाशी जागच्या जागी होत्या. तो तिथेच खाली बसला. त्यानंतर त्याने पादुका घातल्या नाहीत आणि अन्नाचा कणही त्याच्या घशाखाली उतरला नाही.

पौर्णिमेच्या सकाळी तो राणी मदयंतीकडे आला. तीही खिडकीपाशी तशीच उपाशी बसली होती.

"चल, मंडपात जाऊ," राजा म्हणाला. "दोघं मिळून दळू. मला आता सोसवत नाही."

राणीने मान वळवली नाही. "आपण जावं," ती म्हणाली. "माझी चारू मी जात्यात घालणार नाही."

राजाला तिचा राग आला. घरात एक जण हलका आणि एक जण जड, असे कसे चालायचे? पण तिच्याशी वाद घालायचे बळ त्याच्यात नव्हते. तो एकटाच निघाला. महालाच्या दाराशी बोधिसत्त्व उभा होता.

"महाराज, दळायला जायच्या आधी जरा माझ्याबरोबर खाली चला."

"खाली कुठे?"

"आळीत."

"अरे क्षेमका, आज?"

"आजच. दळून झाल्यावर आपण आलात तरी आपल्याला काही दिसणार नाही."

त्याचे म्हणणे राजाला समजले नाही. पण इतक्या वर्षांत क्षेमकाने स्वतःसाठी त्याच्याकडे काही मागितले नव्हते. शिवाय मंडपात काय आणि आळीत काय, महालाच्या बाहेर पडायला तो आतुरच होता. त्याने अंगावरचे अलंकार उतरवले, साधे उपरणे घेतले आणि अनवाणी पायांनीच तो अमात्याच्या मागून उतार उतरू लागला.

खालच्या आळीत राजा यापूर्वी कधी आला नव्हता. ऊन चांगले वर आले होते, तरी होड्या काठावर उपड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या फटी कोणी बुजवल्या नव्हत्या. जाळी फाटून लोंबत होती. दारादारांत माणसे गुडघ्यांत डोके घालून बसली होती. सणाच्या दिवशी एखादे गाव इतके मुके कसे, असे राजाच्या मनात आले.

एका झोपडीपुढे एक बुरूडीण बांबूच्या कामट्या विणत बसली होती. तिचे नाव गोमा. हात भराभर चालत होते आणि डोळ्यांतून पाणी सारखे गळत होते. ते पुसायचेही तिने सोडून दिलेले दिसत होते. बोधिसत्त्वाला तिने ओळखले. बंधाऱ्यासाठी जागा पाहायला तो महिन्यामागे इकडे आला होता तेव्हा तिच्याच दारात भाकरी खाऊन गेला होता.

"या बाबा," ती म्हणाली. "ह्यांनाबी बसवा."

राजा पायरीवर बसला. थोडा वेळ तो तिच्या हातांकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "बाई, तुमच्याकडे कोण गेलं?"

"कोणीच न्हाई. औंदा आमच्यात मयत न्हाई झालं."

"मग रडता कोणासाठी?"

"काय ठाव," गोमा म्हणाली. "वरून दानाचं पीठ येतं, त्याची भाकर खाल्ली की सुरू होतं. सध्या एक पोरगं दिसतं. निळा शेला पांघरलेलं. माडीच्या कठड्यावर चढलं आन् खाली पडलं. मी उठते, बसते, ते पडतच ऱ्हातं. आता मला सांगा, माझ्या दहा पिढ्यांत कोणी माडी बघितली न्हाई."

निळा शेला पांघरलेला मुलगा राजाला ठाऊक होता. धनगुप्त श्रेष्ठीचा मुलगा तो. उन्हाळ्यात गच्चीवरून पडून गेला होता. धनगुप्ताने दुसऱ्याच दिवशी दळून घेतले होते, पोतीच्या पोती पीठ पडले होते ते अजून खाली येत होते, आणि गेल्याच आठवड्यात तो राजासमोर पोट धरून हसला होता.

"आन् आमच्या घरधन्याचं विचारूच नका," गोमा कामटी वळवत म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून निजलाय. कोणाची तरी बायको मेलीय, तिच्यासाठी झुरतोय. मी हितं समोर जित्ती बसलेय, तर माझ्याकडं बघत न्हाई."

दुसऱ्या एखाद्या दिवशी राजा हसला असता. त्याने विचारले, "हे सगळं त्या पिठामुळे होतं हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. पोरंबाळंसुद्धा वळखतात."

"मग वर येऊन सांगितलं का नाही? खाता कशाला ते?"

गोमाने पहिल्यांदाच हात थांबवले. "दुसरं पीठ हाय कुठं? आन् दान देणाराच्या दारात जाऊन त्याच्या दानाला नावं कशी ठेवायची? टाकावं म्हटलं तर हिरी खारट व्हतात. एक झालीय तशी, परटांच्या अंगणातली." मग ती पुन्हा विणू लागली. "आता मोठं पीठ यायचंय. राजाची पोर गेली म्हणतात. आई-बापांची एकलीच होती. लई जड असंल ते. मी कणगी आधीच झाडून ठेवलीय."

यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. पाऊस यायच्या आधी जळण आत घ्यावे, इतक्या सहजपणे ती बोलली. राजाने क्षेमकाकडे पाहिले. क्षेमक नदीकडे पाहत होता.

राजाच्या कोरड्या ओठांकडे आणि खोल गेलेल्या डोळ्यांकडे गोमाने नीट पाहिले. "बाबा," तिने हळूच विचारले, "तुमच्याच घरी काय झालंय का?"

"मुलगी गेली," राजा म्हणाला.

ती उठून आत गेली. पिठाच्या मडक्यात घातलेला हात तिने तसाच मागे घेतला. आढ्याला एक लहान गाठोडे टांगले होते. पेरणीसाठी राखलेली नाचणी होती ती. ती सोडून तिने मूठ-दोन मुठी घरच्या जात्यावर दळल्या, एक भाकरी थापली, ती शेकेपर्यंत चुलीपुढून हलली नाही, आणि बाहेर येऊन राजाच्या पुढ्यात बसली. एक तुकडा मोडून तिने त्याच्या तोंडापाशी धरला.

"हे काय?" राजाने विचारले.

"कडू घास. मयताच्या घरचं माणूस आपणहून जेवत न्हाई, म्हणून दुसऱ्यानं भरवायचा. तुमच्याकडं कोणी आलं न्हाई का?"

"नाही."

"शेजारी न्हाईत तुम्हाला?"

राजा पुढे वाकला. त्याने तोंड उघडले. घास फार वेळ तोंडात फिरत राहिला आणि शेवटी खाली उतरला. चारू गेल्यापासूनचा तो त्याचा पहिला घास होता.

"नाव काय पोरीचं?" गोमाने विचारले.

हे त्याला आजवर कोणीच विचारले नव्हते. मंत्री आले, सेनापती आला, मांडलिक राजांचे दूत आले, आणि सगळ्यांनी मंडपात केव्हा जाणार तेवढे विचारले. "चारुमती," राजा म्हणाला, आणि त्या बुरुडिणीच्या पायरीवर बसून तो ओक्साबोक्शी रडला. त्याने तिला पादुकांची गोष्ट सांगितली. गोमा हसली आणि तिनेही डोळे पुसले. आता ती कोणासाठी रडते आहे हे तिला नीट ठाऊक होते.

परत वर चढताना राजा म्हणाला, "क्षेमका, तू हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"महिन्यापूर्वी मला कळलं, महाराज. सांगायला म्हणून वर आलो त्याच दिवशी चारू आजारी पडली."

मंडपापाशी पोहोचले तेव्हा गाड्या भरून झाल्या होत्या. बैल जुंपले होते, फुलांच्या माळा बांधल्या होत्या, आणि धनगुप्त श्रेष्ठी मोठ्या हौसेने पुढच्या गाडीला कुंकू लावत होता. राजाने दोन्ही हात पसरून गाडी अडवली. खाली जे पाहिले ते त्याने सगळ्यांना सांगितले आणि म्हणाला, "आजपासून एकही गाडी खाली जाणार नाही. ज्याचं पीठ त्यानं खावं."

लोक मागे सरकले. कोणी म्हणाले, आम्हाला काय ठाऊक होते? कोणी म्हणाले, दान दिलेली वस्तू परत घेणे हे तर पाप आहे. मनातून सगळे भ्याले होते. ज्यातून एकदा सुटलो त्यात पुन्हा कोण शिरणार? राजाला संताप आला. त्याचा हात तलवारीकडे गेला, आणि तलवार महालातच राहिली आहे हे त्याच्या तेव्हा ध्यानात आले.

"महाराज, हे हुकमाचं काम नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

त्याने मंडपापुढे तीन दगड मांडून चूल पेटवली. पुढच्या गाडीतले पोते सोडून परातभर पीठ काढले आणि मळायला घेतले. वडील गेल्यापासून तो एकटाच राहत असे, त्यामुळे त्याला भाकरी थापता येत होत्या; जरा वाकड्या होत, एवढेच. पहिली भाकरी शेकून झाली तशी त्याने ती सगळ्यांसमक्ष खाल्ली. थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "एक गाय होती," तो म्हणाला, "कपाळावर पांढरा चांदवा असलेली. म्हातारा तिच्याशी रात्रीचं बोलायचा. त्याला दुसरं कोणी नव्हतं." मग त्याने दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

असा तो खात राहिला. प्रत्येक भाकरीबरोबर कोणीतरी गेलेले त्याच्या छातीत येऊन बसे, आणि ते कोण, कसे होते, ते तो हळू आवाजात सांगे. एक बाळंतीण. एक सैनिक, ज्याची बहीण दाराशी उभी राहून त्याची वाट पाहत असे. एक आंधळा आजोबा. भाकरी त्याच्या हातातून निसटू लागली. राजाने त्याचे मनगट धरले.

"पुरे, क्षेमका. तू मरशील."

"महाराज, खाली रोजच खातात."

त्याने हात सोडवून घेतला आणि पुढचा तुकडा मोडला. तो तोंडात घातल्यावर त्याने डोळे मिटले. "निळा शेला आहे," तो म्हणाला. "पोर फार धीट. कठड्यावर चढू नको म्हणून आईनं बजावलं होतं. वडील आत सोंगट्या खेळत होते. त्यानं हाक मारली, बाबा, इकडे बघा. वडील म्हणाले, एवढा डाव झाला की आलो."

गर्दीत धनगुप्त उभा होता. हे तो विसरला होता. जात्याने मुलाचे दुःख नेले तेव्हा ती हाकही नेली होती. आता तीच हाक त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. बोधिसत्त्वाने पुढचा घास उचलला.

"थांबा," धनगुप्त म्हणाला. "थांबा अमात्य. तो घास माझा आहे."

लोकांनी वाट दिली. तो लठ्ठ श्रेष्ठी रेशमी धोतरानिशी मातीत, चुलीपुढे, बसला आणि त्याने हात पुढे केला. बोधिसत्त्वाने भाकरीचे दोन भाग केले, एक त्याला दिला आणि एक स्वतःच्या हातात ठेवला.

"सगळी द्या. माझी आहे ती."

"अर्धी माझ्याकडे राहू द्या," बोधिसत्त्व म्हणाला. "मीही त्याला पाहिलंय आता."

धनगुप्ताने घास खाल्ला आणि तो असा रडला की बैलांनी माना वळवल्या. राजा त्याच्याजवळ जाऊन बसला. काय बोलायचे ते आज सकाळीच तो शिकला होता. "नाव काय होतं त्याचं?" त्याने विचारले.

"पुष्कर," धनगुप्त म्हणाला. "आम्ही त्याला पुष्कू म्हणायचो."

मग एक विधवा पुढे आली. मग एक म्हातारा, आणि मग त्या सैनिकाची बहीण. चुली वाढल्या. ज्याला त्याला आपले पीठ ओळखू येत होते, आणि कोणीही ते एकट्याने खाल्ले नाही. शेजारी बसलेल्याने त्यातला तुकडा मागून घेतला. राजाने कितीजणांबरोबर खाल्ले याचा त्याला पत्ता राहिला नाही. दुःख आधी होते तितकेच होते, त्यात काही कमी झाले नाही. पण मेखलेच्या रस्त्यावर माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून बसली आहेत, हे दृश्य राजाने जन्मात पहिल्यांदा पाहिले.

आणि वर जसजसे कोणी आपले दुःख ओळखून घेई, तसतसे खाली कोणाच्या तरी छातीवरचे ओझे उतरे. दुपार कलताना गोमाचा नवरा भिंतीकडून या कुशीवर वळला. त्याने आपल्या बायकोला नीट न्याहाळले आणि विचारले, "काय गं, खायला काय हाय का?"

ज्या पिठाचे मालक आता हयात नव्हते ते शेवटी उरले. ते सारे बोधिसत्त्वाने खाल्ले आणि ती दुःखे जन्मभर आपल्यापाशी ठेवून घेतली. म्हातारपणीही एखादी चांदव्याची गाय दिसली की तो थांबे आणि तिच्या पाठीवरून हात फिरवी. थोरपण याहून वेगळे काय असते, मला तरी ठाऊक नाही.

दिवेलागणीला राजा महालात परतला. राणी तिथेच खिडकीपाशी बसली होती. "दळून आलात?" तिने विचारले.

"नाही," राजा म्हणाला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसला. तेवढ्यात दाराशी गलका ऐकू आला. पहारेकरी कोणाला तरी अडवत होते. राजा स्वतः उठून गेला.

दारात खालच्या आळीतली माणसे उभी होती. उतार चढून ती आजवर कधी वर आली नव्हती. सगळ्यांच्या पुढे गोमा होती, डोक्यावर फडक्याने झाकलेली टोपली घेऊन.

"कशाला आलात म्हणून विचारतोय, तर नीट सांगत नाहीत," पहारेकरी म्हणाला.

"सांगितलं की," गोमा म्हणाली. "मयताच्या घरी आलोय. हितली पोर गेली ना? हितं कोणी कडू घास आणत न्हाई म्हणून कळलं, सकाळी एक बाबा आला होता त्याच्याकडनं." एवढे बोलते तोच तिची नजर राजावर गेली. उपरणे तेच होते, पायही अनवाणीच होते. मग तिने डोक्यावरची टोपली खाली घेतली. "तुम्हीच व्हय," ती म्हणाली. "मग बाईला दाखवा कुठं हाय ती. तिनं काय खाल्लं नसंल."

राजाने तिला आत नेले. गोमा राणीपुढे बसली, नाचणीच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडापाशी धरला. राणीने आधी त्या तुकड्याकडे पाहिले, मग त्या खरखरीत हाताकडे, आणि तोंड उघडले. गोमाने पोरीचे नाव विचारले नाही, ते तिला माहीत होते. "पादुका लपवायची म्हणं," ती म्हणाली. "आणखी काय करायची?" त्या संध्याकाळी राणी मदयंती कितीतरी वेळ बोलत राहिली आणि राजा शेजारी बसून ऐकत राहिला.

पुढे जात्याच्या दोन्ही दगडी तळ्या वेगळ्या केल्या. खालची मंडपात राहिली आणि वरची आळीतल्या घाटावर नेऊन ठेवली. बायका तिच्यावर धुणे धूत. त्या वर्षी राजाने आळीला पेरणीचे बियाणे दिले आणि नदीला बंधारा घातला. मेखला नगराची हसरे नगर म्हणून असलेली ख्याती मात्र हळूहळू गेली. तिथे माणसे रडतात असे प्रवासी सांगू लागले, आणि तिथे उपाशी कोणी राहत नाही असेही.

आम्रवनातल्या विहारात भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही गोष्ट सांगितली ती सोमिल नावाच्या भिक्षूमुळे. धाकटा भाऊ वारल्याची बातमी आल्यापासून सोमिल एका झाडाखाली बसून असे आणि भिक्षेचे अन्न त्याच्या पात्रात तसेच सुकून जाई. ज्येष्ठ भिक्षू स्थविर वारुण त्याला रोज म्हणत, "सर्व काही अनित्य आहे, हे तुला ठाऊक नाही का?" आणि आपले पात्र घेऊन दूर जेवायला बसत.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वसुमान राजा म्हणजे हा सोमिल. उतार चढून आलेली गोमा म्हणजे आपल्या दाराशी रोज पात्रे भरणारी उपासिका नंदिला. धनगुप्त श्रेष्ठी तो आपला वारुण. आणि अमात्य क्षेमक मीच होतो."

स्थविर वारुण उठले, आपले पात्र घेऊन झाडाखाली गेले आणि सोमिलाच्या शेजारी बसले. त्यांनी भाताचा एक घास उचलून त्याच्यापुढे धरला.

"तुझ्या भावाचं नाव काय होतं?" त्यांनी विचारले.

या कथेत शास्त्यांनी जो गुण सांगितला, त्याचे नाव करुणा.